दुसरा पडदा लुकलुकतो तेव्हा

बडोद्याच्या राजमहाल रस्त्यावर कलाभवन आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही तंत्रशिक्षणाची शाळा. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा भरते. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके तरुणपणी इथे चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे १९१२ मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून रोज एकेक चित्र टिपलं. पडद्यावर तो वाटाणा पाहता पाहता वेल झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ ला, मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला.

संगणकाच्या लुकलुकत्या मॉनिटरबद्दल लिहिताना फाळक्यांपासून सुरुवात करण्याला कारण आहे. लुकलुक हा दोष सिनेमाच्या पडद्याबरोबरच जन्मला, आणि त्यावर जो पहिला उपाय निघाला तो इतका उफराटा होता की तो समजला तर आजच्या टेबलावरचं अर्धं कोडं सुटतं.

त्या काळच्या मूकपटात सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडद्यावर पडत. एक चित्र जाऊन दुसरं जागेवर येताना फिल्म सरकते, आणि ती सरकताना दिसू नये म्हणून फिरती झडप तेवढा वेळ उजेड अडवते. म्हणजे सेकंदाला सोळा वेळा अंधार. हालचाल भासायला सोळा चित्रं पुरतात, पण उजेड स्थिर वाटायला मुळीच पुरत नाहीत. पडदा अक्षरशः मिचमिचतो. इंग्रज प्रेक्षकांनी सिनेमाला ‘फ्लिक्स’ हे नाव त्यावरूनच दिलं. चित्रं वाढवायची तर फिल्म महाग. मग तंत्रज्ञांनी झडपेला एकाऐवजी तीन पाती बसवली. फिल्म सरकताना एकदा, आणि तेच चित्र स्तब्ध उभं असताना विनाकारण आणखी दोनदा, असा तीनदा अंधार करायला सुरुवात केली. सोळाचे अठ्ठेचाळीस झाले आणि मिचमिच जवळजवळ नाहीशी झाली. अंधार तिप्पट केल्यावर डोळ्याला तो दिसेनासा झाला!

डोळ्याचा हिशेब असा आहे. उजेड ठरावीक वेगापेक्षा जास्त वेळा चालू-बंद झाला की मेंदू तो सलग मानतो. ही मर्यादा मंद उजेडात सेकंदाला तीसेक वेळा असते आणि झगझगीत उजेडात साठच्या घरात जाते. १८९२ मध्ये फेरी आणि १९०२ मध्ये पोर्टर या संशोधकांनी दाखवून दिलं की उजेड जितक्या पटींनी वाढवावा तितक्या टप्प्यांनी ही मर्यादा वर सरकते. त्यातही डोळ्याची कड मध्यापेक्षा चलाख असते. बारीक अक्षर वाचायला नजरेचा मधला ठिपका लागतो, पण मोठ्या, उजळ पृष्ठभागाची लुकलुक कडेकडच्या नजरेला आधी कळते.

आता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या सनदी लेखापालाच्या टेबलाकडे या. समोरच्या मॉनिटरवर जीएसटीचं पोर्टल, शेजारच्यावर टॅली किंवा एक्सेल. पंधरा वर्षांपूर्वी ही चैन वाटायची, आता एका स्क्रीनवर काम करणाराच अडचणीत असतो. आणि तक्रार बहुधा एकच: ‘दुसरा स्क्रीन लुकलुकतो.’ पहिला नाही, दुसरा. दुकानदार लगेच नवा मॉनिटर सुचवतो. माझं मत असं की त्याआधी पाच मिनिटं खर्चून हे चित्र वाटेत नेमकं कुठे तुटतंय ते शोधावं. मॉनिटर हा या वाटेचा फक्त शेवटचा टप्पा आहे.

पहिली कसोटी इतकी साधी आहे की ती कुणी सांगत नाही याचंच आश्चर्य वाटतं. मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा मेनू उघडा. हा मेनू संगणकाकडून येत नाही. मॉनिटर तो स्वतःच्या पोटातल्या चिपने रंगवतो. पाठीमागचं चित्र फडफडतंय आणि मेनू मात्र शांत उभा आहे, असं दिसलं तर मॉनिटर बहुधा निर्दोष. दोष केबलमध्ये किंवा तिच्या अलीकडे. मेनूसकट सगळंच फडफडत असेल तर पॅनेल, त्यामागचा दिवा किंवा वीजपुरवठ्याचं सर्किट यांपैकी कुणीतरी थकलंय. खात्री हवी असेल तर व्हिडिओची केबलच काढा. ‘नो सिग्नल’ची चौकट तरंगू लागेल. तीही मिचमिचत असेल तर संगणक पूर्ण सुटला.

मेनूसकट लुकलुकणाऱ्यांत गंमत आहे ती दिव्याची. आजच्या एलसीडी मॉनिटरमध्ये चित्र स्वतः उजेड देत नाही; मागे एलईडीची पट्टी असते. काही मॉनिटरांत, विशेषतः जुन्या आणि स्वस्त, ब्राइटनेस कमी करण्याचा मार्ग असा की एलईडी मंद करायचा नाही, तर पूर्ण तेजात सेकंदाला दोनेकशे वेळा चालू-बंद करायचा आणि बंद राहण्याचा वेळ वाढवायचा. स्थिर नजरेला हे दिसत नाही. पण एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नजर उडी मारते तेव्हा दिव्याचा प्रत्येक झोत दृष्टिपटलावर वेगळ्या जागी पडतो आणि क्षणभर ठिपक्यांची माळ उमटते. नजर उडत असताना माणसाला हजार हर्ट्झच्याही, म्हणजे सेकंदाला हजार वेळांच्याही, वरची लुकलुक जाणवू शकते, असं प्रयोगांत आढळलंय. दोन मॉनिटर मांडणाऱ्याची नजर दिवसभर उड्याच मारत असते! तेव्हा ‘एकाकडे टक लावून पाहिलं तर काही नाही, पण संध्याकाळी डोळे दुखतात’ म्हणणारा उगाच कुरकुरत नसतो. पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन्सिल जोरात हलवून पाहा. तिची सलग धूसर पट्टी दिसली तर दिवा अखंड आहे. सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर तो चालू-बंद होतोय. अशा मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरावर नेला की दिव्याला बंद व्हायला सवडच उरत नाही. मग कॉन्ट्रास्ट उतरवून डोळ्यांना सोसेल असं करून घ्यावं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतात त्यावरून मात्र निकाल देऊ नये, कारण त्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा वेगही मिसळलेला असतो.

एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्यालाही चैन नसते. द्रवस्फटिकावर एकाच दिशेचा विद्युतदाब सतत राहिला तर तो खराब होतो, म्हणून प्रत्येक चित्राला धनाचं ऋण आणि ऋणाचं धन केलं जातं. शेजारशेजारचे ठिपके मुद्दाम उलट ठेवतात म्हणजे दोन्हींच्या उजेडातला बारीकसा फरक एकमेकांत मिटतो. पण स्क्रीनवर नेमकी एकाआड एक ठिपक्यांची जाळी आली, एखाद्या तक्त्यातली करडी छटा म्हणा, की सगळे उजळलेले ठिपके एकाच बाजूचे निघतात आणि साठ हर्ट्झचा मॉनिटर तीस हर्ट्झने थरथरल्यासारखा दिसतो. ती फाइल बंद केली की थरथर गायब. हा बिघाड नाही, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला भुताटकी वाटावी असाच प्रकार आहे.

उरला वीजपुरवठा. बडोद्याचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो आणि मॉनिटरच्या आत त्याहून जास्त. तिथल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांनी साधारण निम्मं होतं असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. मॉनिटर सकाळी चालू केल्यावर दहा मिनिटं फडफडून मग शांत होत असेल तर संशय इथेच घ्यावा. म्हाताऱ्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध थंड असताना वाढतो, तापल्यावर उतरतो. दुरुस्तीवाला पाठ उघडतो आणि डोक्यावर फुगलेला कपॅसिटर दाखवतो. काही रुपयांचा भाग बदलला की मॉनिटर आणखी काही वर्षं चालतो.

आता केबल. फुल एचडी मॉनिटरवर २०,७३,६०० ठिपके असतात आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने सांगावे लागतात. कडेची मोकळी जागा आणि संकेतांचा वाढीव बोजा धरून एचडीएमआयच्या केबलमधून सेकंदाला ४४५ कोटींहून अधिक बिट वाहतात, तारांच्या तीन जोड्यांत वाटून. एका जोडीतला एक बिट नॅनोसेकंदाच्या दोन तृतीयांश भागात संपतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम वीस सेंटिमीटर जातो, आणि केबलमधला संकेत त्याहून कमी. म्हणजे संगणकापासून मॉनिटरपर्यंतच्या दोन मीटरच्या तारेत कोणत्याही क्षणी एकामागोमाग चौदाएक बिट वाटेत असतात. मॉनिटरला त्यातला प्रत्येक ओळखायचा असतो.

हे निभतं कसं? प्रत्येक संकेत दोन तारांवरून एकदम जातो, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलट. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच आदळतो आणि पलीकडे वजाबाकी केली की निघून जातो. पण केबल दाराखाली चेंगरली, तिची पिन सैल झाली किंवा ती आतूनच निकृष्ट असली की दोन तारांचा तोल जातो. एचडीएमआयच्या या पद्धतीत चित्राची चूक दुरुस्त करायची सोय नाही, म्हणून चुकलेला बिट तसाच्या तसा रंगतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे-रंगीत कण चमचमू लागले तर ती केबलची सही समजा. चुका वाढल्या की मॉनिटरचा ताल सुटतो आणि स्क्रीन सेकंद-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. डिस्प्लेपोर्टमध्ये दोन्ही टोकं आधी आपसात चाचणी घेऊन वेग ठरवतात; जोडणी डळमळली की ही परीक्षा पुन्हा होते आणि तेवढा वेळ अंधार. शिवाय काही हलक्या डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये विसाव्या पिनची तार जोडलेली असते, जी नियमाप्रमाणे नसायला हवी. तिच्यातून मॉनिटरची वीज उलटी संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात शिरू शकते.

दुसरा मॉनिटरच जास्त का रुसतो याचं एक नीरस उत्तरही इथेच आहे. पहिल्याला खोक्यातली चांगली केबल मिळते आणि दुसऱ्याला कपाटातली जुनी, वर एखादा अडॅप्टर लावून. फोर-के मॉनिटर जुन्या एचडीएमआय १.४ च्या जोडणीला लावून साठ हर्ट्झ मागणं म्हणजे १०.२ अब्ज बिटांच्या वाटेवर १७.८ अब्ज बिट रेटणं. ती जोडणी तीस हर्ट्झवर थांबते. नव्या कार्डाने जुन्या केबलवर साठचा हट्ट धरला तर चित्र येतं-जातं. तेव्हा दोन्ही मॉनिटरच्या केबल्स आपसात बदला. लुकलुक केबलबरोबर पहिल्या मॉनिटरकडे गेली तर गुन्हेगार सापडला. नाही गेली तर कार्डाकडची पोर्टं बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य.

खुर्चीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गॅसच्या नळकांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून माणूस उठतो तेव्हा तिच्या धातूच्या भागांत स्थिर विद्युतभार साठतो आणि आतल्या आत सूक्ष्म ठिणग्या पडतात. त्यांतून निघालेली रेडिओ लहर शेजारच्या केबलमध्ये शिरते आणि मॉनिटर क्षणभर काळा होतो. अभियंत्यांनी हे मोजलेलं आहे. बडोद्यात उत्तरायणाच्या सुमारास, पतंगांच्या दिवसांत, हवा कोरडी असते आणि तेव्हा हे जास्त घडतं. पावसाळ्यात हाच प्रकार आपोआप थांबतो. ‘मी उठलो की स्क्रीन जातो’ असं कुणी म्हणालं तर हसू नका. चांगल्या जाड आवरणाची आखूड केबल आणि अर्थिंगचा तिसरा पाय शाबूत असलेला सॉकेट, एवढ्यावर हे भूत उतरतं.

केबल ठीक, मॉनिटर ठीक, वेगवेगळे लावले तर दोन्ही उत्तम, आणि एकत्र लावले की लुकलुक. हे खरं दोन मॉनिटरांचं दुखणं, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर.

ग्राफिक्स कार्ड एक चित्र पाठवून झाल्यावर पुढचं सुरू करण्याआधी जराशी विश्रांती घेतं. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत तळातून वर परतायला ही सवड लागायची. झोत गेला, सवड राहिली. फुल एचडीच्या रूढ मापात १,१२५ ओळींपैकी १,०८० दिसतात आणि ४५ रिकाम्या जातात. त्यांचा वेळ सेकंदाचा दीड हजारावा भाग. बरीच कार्डं आपल्या स्मृतीचा वेग वरखाली करायचं काम याच फटीत उरकून घेतात, कारण वेग बदलताना स्मृती क्षणभर हाती लागत नाही. नाटकात पडदा पडलेला असताना नेपथ्य बदलावं, तसंच. आता दोन रंगमंच आणि नेपथ्य बदलणारी माणसं तीच, असं झालं तर? दोन्ही पडदे एकाच क्षणी पडले तरच काम निर्वेध होणार.

आणि ते एकाच क्षणी पडत नाहीत. सेटिंगमध्ये एका मॉनिटरपुढे ६० आणि दुसऱ्यापुढे ५९.९४ हर्ट्झ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ५९.९४ हा आकडा १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरदर्शनाचा वारसा. रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताशी भांडू नये म्हणून तिकडच्या अभियंत्यांनी साठाला १.००१ ने भागलं होतं. भारतात तो टीव्ही कधी आलाच नाही, आपली पद्धत पन्नास हर्ट्झची. पण आकडा मॉनिटरमार्गे बडोद्याच्या रावपुऱ्यापर्यंत पोचला. या दोन वेगांतला फरक ०.०६, म्हणजे दोघांच्या विश्रांती दर पावणेसतरा सेकंदांच्या आसपास एकदा जुळतात आणि पुन्हा एकमेकींपासून सरकत जातात. शहाणं कार्ड अशा वेळी स्मृतीचा वेग कमी करतच नाही. तो कायम चढा ठेवतं, थोडी जास्त वीज खातं, थोडं जास्त तापतं. जिथे हा निर्णय चुकतो तिथे व्हिडिओ सुरू करताना किंवा काम थांबवताना स्क्रीन चमकून जातो. एक मॉनिटर १४४ आणि दुसरा ६० हर्ट्झचा असेल तर ही शक्यता वाढते. उपाय दोन मिनिटांचा आहे: डिस्प्ले सेटिंगच्या प्रगत भागात जाऊन दोघांचा रिफ्रेश रेट अगदी सारखा करा, दशांशासकट. मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडूनच ताजा ड्रायव्हर घ्या.

काचेच्या मॉनिटरांच्या काळी दोन स्क्रीन शेजारी ठेवले की एकाच्या चुंबकीय क्षेत्राने दुसऱ्याचं चित्र डुलायचं. साठ हर्ट्झचा मॉनिटर स्टॅबिलायझरजवळ ठेवला तर आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेशी वजाबाकी होऊन सेकंदाला बरोबर दहा हेलकावे. अमेरिकेत वीजही साठचीच, म्हणून तिथे तेच चित्र संथ सरकायचं. नव्या पिढीला हे सांगूनही पटणार नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. लुकलुकताना विंडोजचं टास्क मॅनेजर उघडा. तेही लुकलुकलं तर ड्रायव्हर तपासा; बाकी सगळं हलतंय आणि ते एकटं स्थिर असेल तर एखादं अ‍ॅप कारण आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकदम दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने थांबलं तर दिशा मिळाली. गेम खेळणाऱ्यांच्या मॉनिटरवर चित्राचा वेग आपोआप बदलायची सोय असते. काही पॅनेलांवर वेग बदलला की उजेडही किंचित बदलतो, म्हणून ती सोय बंद करून पाहावी.

एवढं सगळं करून मेनूसकट लुकलुक राहिली, तरच मॉनिटर दुरुस्तीला न्या. आणि स्वतः पेचकस उचलू नका: आपल्या २३० व्होल्टच्या विजेतून आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ तो भरलेलाच राहू शकतो.